गोव्यातल्या हायस्कुलात परकीय भाषेचा क्लब: सुरू कसा करायचा आणि गणेशचवथीनंतरही चालू कसा ठेवायचा

जूनमध्ये उद्घाटन होतं, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, भिंतीवर थर्माकोलचा आयफेल टॉवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, आणि चवथीची सुट्टी संपली की क्लबचं नावसुद्धा कोणी काढत नाही. बऱ्याच शाळांतल्या फ्रेंच क्लबची नि पोर्तुगीज क्लबची कुंडली एवढीच असते. हे टाळता येतं, त्याला फार पैसे लागत नाहीत, परदेशी माणूसही लागत नाही, पण काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात, आणि त्यातली मुख्य म्हणजे दर आठवड्याला क्लबमधल्या प्रत्येक मुलाने त्या भाषेत तोंड उघडलं पाहिजे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मागच्या बाकावरचा लाजाळू मुलगासुद्धा. डेकोरेशन, डान्स, अमुक डे, तमुक डे हे सगळं त्याच्यानंतर.

विषय वेगळा, क्लब वेगळा

हे आधीच सांगते कारण मराठी घरांतून पहिला प्रश्न हाच येतो. आपल्याकडे बरीच मुलं प्राथमिकला मराठी माध्यमात असतात, पाचवीपासून इंग्रजी माध्यम सुरू होतं, घरी मराठी-कोकणी, टीव्हीवर हिंदी. बऱ्याच हायस्कुलांत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच किंवा पोर्तुगीज घ्यायची सोय असते, पण ती घेतली की दुसरी कुठली तरी भाषा सुटते आणि कितीतरी घरांत सुटलेली ती भाषा मराठी असते. क्लबचं तसं नाही. क्लब टाइमटेबलच्या बाहेर, मार्क नाहीत, परीक्षा नाही, मराठी जिथल्या तिथे राहते आणि वर एक नवी भाषा मिळते. पालकांच्या मीटिंगला हे स्पष्ट बोला, अर्ध्या शंका तिथेच मिटतात. आणि हो, पोर्तुगीज क्लब काढलात तर कोणीतरी पोर्तुगालच्या पासपोर्टचं विचारणारच. त्याचा क्लबशी काही संबंध नाही असं सरळ सांगायचं, वकिलाकडे पाठवायचं नि पुढे जायचं.

भाषा कुठली घ्यायची

मुलांना विचारलंत तर कोरियन येईल, पालकांना विचारलंत तर जर्मन. दोघांचंही ऐका, पण ठरवताना दोनच प्रश्न बघा: सलग दोन वर्षं पुढे उभं राहणारं माणूस कोण आहे, आणि क्लब संपल्यावर मुलाला ती भाषा पुढे शिकायला गोव्यात जागा कुठे आहे.

या हिशेबात पोर्तुगीज आणि फ्रेंच सगळ्यात सोप्या पडतात. पणजीत फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज संस्था आहे, कामोंइश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेझ आहे, आणि गोवा विद्यापीठात शणै गोंयबाब भाषा संकुलात दोन्ही भाषा शिकवतात. म्हणजे पुस्तकं, पाहुणे, शिक्षकांना अडलं तर विचारायला जागा, सगळं बसच्या अंतरावर. तिथे शिकणारी कॉलेजची मुलं क्लबला यायला तयार असतात, त्यांना विचारा, मोठ्या वक्त्यापेक्षा विशीतली ताई मुलांना जास्त आवडते.

पोर्तुगीजबद्दल आपल्याकडे थोडी अढी असते, ती भाषा आपली नव्हे, त्यांची, असं. पण पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही जुन्या हिंदू घरात ट्रंक उघडून बघा, आजोबांचा जन्मदाखला, जमिनीचे कागद, देवस्थानच्या महाजनकीचे कागद, सगळं पोर्तुगीजमध्ये, आणि घरात वाचणारं कोणी उरलेलं नाही. साडेचारशे वर्षांचा कारभार 1961 मध्ये संपला, कागद राहिले. ते वाचता येणं हे मला तरी राजकारण वाटत नाही, सोय वाटते.

जर्मनला मोठा आधार म्हणजे मॅक्सम्युलर भवन, ते पुण्याला नाहीतर मुंबईला. जपानी मात्र दिसते त्यापेक्षा मराठी मुलांना जवळची पडते, कारण वाक्याची मांडणी आपल्यासारखीच आहे. 'मिझु ओ नोमिमास' म्हणजे 'पाणी पितो', कर्म आधी, क्रियापद शेवटी, आणि 'ओ' आपल्या प्रत्ययासारखा शब्दामागे चिकटतो. हिरागानाची 46 अक्षरं आ, इ, उ, ए, ओ या क्रमाने सुरू होतात, मग का, सा, ता, ना, त्यामुळे बाराखडी पाठ असलेल्या मुलाला तो तक्ता परका वाटतच नाही. मोरजी-हरमलच्या बाजूला दुकानांच्या पाट्या रशियनमध्ये असतात, तिथल्या शाळेने 33 अक्षरांची रशियन लिपी घेतली तर मुलं घरी जाता जाता सराव करतील. पण परत तेच, शिकवणारं कोण? माणूस नसेल तर ती भाषा यंदा नको.

परवानगीचा कागद

मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्या, एकच पान. कुठले वर्ग, किती मुलं, आठवड्यातला कुठला वार, कुठली खोली, जबाबदार शिक्षक कोण, ते रजेवर असतील तेव्हा कोण, वर्षाचा खर्च किती. पैसे गोळा करायचे असतील तर पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये ठराव करून घ्या, तोंडी 'चालेल' वर जाऊ नका. माझ्या मते वर्षाला 100-200 रुपयांच्या वर घ्यायची गरजच नसते, झेरॉक्स, चार्ट पेपर, थोडा खाऊ, सहलीची बस वेगळी. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून, बिलं चिकटवून.

वेळ: बालरथ बघून ठरवा

इथे सगळे क्लब मरतात. आपली हायस्कुलं सकाळी पावणेआठ-आठला भरतात, दीडच्या आसपास सुटतात, मुलं भुकेली असतात आणि गेटवर बालरथ, म्हणजे शाळेची बस, उभा असतो. तो एकाच फेरीत सगळ्यांना घेऊन जातो, क्लबच्या पंधरा मुलांसाठी थांबत नाही, आणि थांबावा अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. मग होतं काय की ज्यांचं घर शाळेजवळ किंवा ज्यांना न्यायला स्कूटर येते तेवढीच मुलं क्लबला राहतात, वाड्यावरची मुलं आपोआप बाहेर. म्हणून शाळा सुटल्यानंतरची वेळ घेऊच नका. सहशालेय उपक्रमांचा तास टाइमटेबलमध्ये असेल तर तो मागा, नसेल तर शनिवारचा शेवटचा तास, तेही नसेल तर आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीला धरून वीस-वीस मिनिटं. एक सलग चाळीस मिनिटांचा तास, वार ठरलेला, खोली ठरलेली, एवढं मिळालं तर अर्धी लढाई जिंकली.

2025 पासून सहावीपासूनचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलेत, पण क्लब तेव्हा उघडू नका, मधे मेची सुट्टी येते आणि मुलं सगळं विसरून येतात. एप्रिलमध्ये नावं घ्या, जूनमध्ये पहिला तास.

मुलं सातवी ते नववीची घ्या. दहावीची मुलं हौशीने येतात, त्यांना दिवाळीपर्यंत येऊ द्या, नंतर घरचेच पाठवत नाहीत. संख्या वीस, फार तर पंचवीस. जास्त नावं आली तर चिठ्ठ्या काढा. मार्कांवर निवडू नका, इंग्रजीत गडबडणारी मुलं नव्या भाषेत कधी कधी सगळ्यात पुढे जातात, तिथे सगळेच शून्यावर असतात ना.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सेक्रेटरी असली पदं मी तरी देणार नाही. बॅज मिळाला की तेवढ्यावरच समाधान होतं. त्यापेक्षा कामं वाटा आणि ती महिन्याला फिरवा: एक जण हजेरी त्या भाषेत घेणार, एक जण घड्याळ सांभाळणार, दोघं आठवड्याचे दहा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहिणार, एक जण पाहुण्यांना पाणी देऊन त्या भाषेत स्वागत करणार.

पहिला तास

भाषण नको, त्या देशाची राजधानी-लोकसंख्या नको. समजा पोर्तुगीज आहे. टीचर दारात उभी राहते, मूल आलं की ती म्हणते 'बों दीया', मुलानेही म्हटल्याशिवाय आत सोडत नाही. लाजणाऱ्याने पुटपुटलं तरी चालेल. मग गोलात बसवून तीनच वाक्यं: शामु-म सानिका (माझं नाव सानिका), तेन्यु त्रेझ आनुश (मी तेरा वर्षांची), मोरु अें बिशोलीं (मी डिचोलीला राहते). टीचर बोलते, सगळे एकत्र, मग दोघं दोघं, मग एक चेंडू फेकायचा, ज्याच्या हातात चेंडू त्याने तिन्ही वाक्यं म्हणायची आणि दुसऱ्याकडे फेकायचा. पंचवीस मुलं, चाळीस मिनिटं, प्रत्येकाची पाळी निदान दोनदा येते. पहिल्या तासाला एवढंच, घरी जाताना मुलाला तीन वाक्यं येतात आणि आईला म्हणून दाखवता येतात.

पहिला महिना उच्चार देवनागरीत लिहू द्या. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचायला लावलंत तर मुलं सगळं इंग्रजीसारखं उच्चारतात आणि ते नंतर काढायला त्रास होतो. आपल्या मुलांची नाकातली अक्षरं कोकणीमुळे मुळातच तयार असतात, पोर्तुगीजमधला अनुनासिक स्वर त्यांना फुकटात मिळतो. लिस्बनच्या उच्चारात शब्दाच्या शेवटचा 'स' हा बहुधा 'श' होतो, हे एकदा सांगितलं की लक्षात राहतं. फ्रेंच असेल तर 'यू' लिहिलेला तो स्वर मराठीत नाही: ओठ 'ऊ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं, मुलं खूप हसतात, हसू द्या. महिन्यानंतर मात्र देवनागरी बंद, नाहीतर ती कुबडी सुटत नाही.

स्पेलिंग सुरू करताना कदंबच्या बसच्या पाट्या वापरा. डिचोली, साखळी, शिवोली, केपें ही नावं रोमन अक्षरांत जशी लिहितात ती पोर्तुगीज पद्धत आहे: शेवटचा 'एम' उच्चारायचा नसतो, तो फक्त आधीचा स्वर नाकात न्यायला असतो, आणि केप्याच्या नावातला 'क्यू-यू' म्हणजे साधा 'क'. मुलं रोज त्याच पाट्या बघत येतात, पाच पाट्या लिहून आणायला सांगा, नियम तीच शोधून काढतील. बटाटा, पाव, चावी, साबण ही पोर्तुगीजमधून आपल्याकडे आलेल्या शब्दांची यादी सगळेच करतात, ती एका तासात संपते, पाट्या महिनाभर पुरतात.

महिन्याचे चार तास

दर तासाला नवीन काहीतरी करायचं म्हटलं की शिक्षक दोन महिन्यांत थकतो. एक चक्र ठरवा आणि तेच फिरवा. पहिला आठवडा बोलण्याचा, दुसरा खेळाचा, तिसरा ऐकण्याचा, चौथा पाहुण्यांचा किंवा हाताने काही करायचा.

खेळात माझा आवडता म्हणजे बाजार. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वर्गात मांडायचा: बाकं दोन रांगांत, अर्धी मुलं विकणारी, अर्धी घेणारी. मिरच्या, लिंबं, उंडे, केळी, चणे, हे चित्रांच्या कार्डांवर, खोट्या नोटा, आणि अट एकच की भाव त्या भाषेतच करायचा. 'क्वांतु कुश्ता?' केवढ्याला? विकणारीने किंमत सांगायची, घेणारीने 'मुइंतु कारु' (फार महाग) म्हणून नाक मुरडायचं आणि कमी करून मागायचं. दहा मिनिटांनी बाजू बदलायच्या. ज्या मुली वर्गात एक शब्द बोलत नाहीत त्या भाव करताना अशा काही पेटतात की बघत राहावं. फ्रेंचमध्ये हाच खेळ घ्याल तर किमती मुद्दाम सत्तर ते नव्व्याण्णवमध्ये ठेवा, कारण तिथे सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस. पुस्तकात ही संख्या पाठ होत नाही, पैसे मोजताना होते.

ऐकण्याच्या तासाला अख्खा सिनेमा लावू नका. प्रोजेक्टर लागला की अर्धी मुलं खाली दिसणाऱ्या इंग्रजी ओळी वाचतात आणि कान बंद. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या, पहिल्यांदा ओळी बंद करून, दुसऱ्यांदा ओळखलेले शब्द कागदावर लिहायला लावून, तिसऱ्यांदा ओळींसकट. पोर्तुगीज क्लबला फादो हा तिथला गाण्याचा प्रकारही ऐकवा, आपल्याच गोव्याच्या सोनिया शिरसाट गातात, मुलांना वाटतं हे सगळं लिस्बनचंच, तसं नाही हे कळू दे.

पाहुणे म्हणून आधी आजोबा-आज्यांना बोलवा. 1961 च्या आधी 'सेगुंद ग्राव' (पोर्तुगीज प्राथमिक शाळेचा दुसरा टप्पा) शिकलेले किंवा पणजीच्या लिसेवमध्ये (पोर्तुगीज हायस्कुलात) गेलेले लोक आता पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, दर वर्षी कमी होत जाणार, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका. त्यांना भाषण द्यायला सांगू नका, मुलांनी पाच प्रश्न त्या भाषेत तयार ठेवायचे: शाळेचं नाव काय होतं, शाळेत कसे जायचात, शिक्षक मारायचे का (हा प्रश्न मुलं विचारतातच). उत्तरं पोर्तुगीज-कोकणी-मराठी मिसळून आली तरी काही बिघडत नाही. त्यांचा स्वतःचा शाळेचा दाखला असेल तर त्याची झेरॉक्स काढून सगळ्यांनी मिळून वाचा, नाव, गाव, तारीख, महिना, एवढं सापडलं तरी मुलांना पत्ता लागल्याचा आनंद होतो. मूळ कागद शाळेत आणू द्यायचे नाहीत. आणि जमिनीचे कागद तर अजिबात नकोत, एका वर्गात दोन भावांची मुलं असतात, क्लब कोर्टात जायचा.

किनाऱ्यावर नेऊन टुरिस्टांशी बोलायला लावणं मला पटत नाही. अनोळखी माणसं, लहान मुलं, जबाबदारी शिक्षकाची. परदेशी पाहुणा हवाच असेल तर संस्थेमार्फत, शाळेत, शिक्षकांसमोर.

खाणं, सण आणि तारखा

आपले सण आणि त्यांचे सण जिथे जुळतात तिथे कार्यक्रम ठेवा, वेगळा उत्साह आणावा लागत नाही. 26 सप्टेंबर हा युरोपियन भाषा दिन, 2001 पासून पाळतात. चवथ कधी येते बघून तो आठवडा घ्या. 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त आपल्याकडे रेइश मागुश, कासावली, चांदरला होतं, त्याच दिवशी फ्रान्समध्ये आणि पोर्तुगालमध्ये राजांचा केक कापतात, फ्रेंच केकमध्ये एक छोटी बाहुली लपवलेली असते आणि ज्याच्या तुकड्यात ती निघेल तो राजा. 2 फेब्रुवारीला फ्रेंच लोक पातळ क्रेप करतात. आपल्या मुलांना ते नवीन नाही, नारळ-गुळाचं सारण घातलेलं आलेबेले म्हणजे त्याचंच भावंड. 20 मार्च फ्रेंच भाषेचा, पण तेव्हा परीक्षा जवळ असते, फळ्यावर चार ओळी लिहा आणि सोडून द्या. 5 मे पोर्तुगीज भाषेचा जागतिक दिवस, सुट्टीत येतो, जूनमध्ये उरकला तरी कोणी विचारत नाही.

खाण्याचं आधी विचारून घ्या. गुरुवारी, सोमवारी, श्रावणात अंडं न खाणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, कायम न खाणारीही असतात, म्हणून बिनअंड्याचंच करा. वर्गात गॅस नको. मोठ्यांनी घरून करून आणायचं, वर्गात फक्त सारण भरणं नि वाटणं, आणि कृती मात्र मुलांनी त्या भाषेत वाचून: घे, मिसळ, भर, गुंडाळ. आज्ञार्थी क्रियापदं शिकवायला याहून बरी जागा नाही.

सहल

पावसात नको, नोव्हेंबरनंतर. पणजीला एका सकाळीत तीन जागा होतात. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातच निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत, झॉर्झ कुलासू यांनी केलेली, 1935 ची, कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आणि खाली त्यातल्या ओळी. मुलांनी तिथे एक ओळ उतरवून घ्यायची आणि ओळखीचे शब्द शोधायचे. मग फोंतेन्हासच्या गल्ल्या, फरशांवरच्या रस्त्यांच्या नावांसाठी. तिथे लोक राहतात, सेल्फीवाल्यांना कंटाळलेले आहेत, म्हणून पाच-पाचचे गट, आवाज हळू, कोणाच्या पायऱ्यांवर बसायचं नाही. शेवटी पाट्टो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय, 1832 पासूनचं, जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं बघायची असतील तर आधी पत्र द्या. प्रत्येक मुलाच्या हातात दहा प्रश्नांचा कागद हवा, नाहीतर सहल आइस्क्रीमवर संपते.

परदेशातल्या शाळेशी दोस्ती

सगळ्यांना व्हिडिओ कॉल हवा असतो, पण घड्याळ बघा. पोर्तुगालमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात अडीच, त्यांच्या उन्हाळी वेळेत दीड. म्हणजे आपली मुलं घरी जेवायला. फ्रान्स-जर्मनीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले दीड, उन्हाळी वेळेत साडेबारा. त्यांची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे फ्रान्सशी कॉल करायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साडेबाराला. जपान साडेतीन तास पुढे, आपले नऊ म्हणजे त्यांचे साडेबारा, ते आरामात जमतं.

खरं तर कॉलपेक्षा निरोपांची अदलाबदल जास्त उपयोगी. कॉलमध्ये दोन हुशार मुलं बोलतात, बाकीची हात हलवतात. तीस सेकंदांचा आवाजाचा निरोप मात्र प्रत्येकाला करावा लागतो: माझं घर, माझी शाळा, आमच्याकडचा पाऊस. तीनदा रेकॉर्ड करून चांगला असेल तो पाठवायचा. पाठवणं शिक्षकांच्या खात्यावरून, मुलांची आडनावं, फोन नंबर, पत्ते काही जाणार नाहीत, आणि फोटो जायचा असेल तर पालकांची सही.

परीक्षा द्यायची का

सगळ्यांनी नाही. ज्याला हवी त्याला दुसऱ्या वर्षी. फ्रेंचची डेल्फ परीक्षा शाळकरी मुलांसाठी वेगळी असते, पहिली पायरी ए-1, ऐकणं-वाचणं-लिहिणं-बोलणं प्रत्येकी 25 गुण, पास व्हायला 100 पैकी 50 आणि प्रत्येक भागात निदान 5. जपानीची एन-5 भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, तिच्यात बोलण्याचा भागच नाही, त्यामुळे ती पास झालेलं मूल बोलेलच असं नाही, हे पालकांना सांगून ठेवा.

क्लबने स्वतः काय तपासायचं? जुलैमध्ये प्रत्येक मुलाचा एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करा, फेब्रुवारीत पुन्हा, तोच विषय, 'मी आणि माझं गाव'. दोन्ही त्याला एकामागोमाग ऐकवा. पालकसभेत गॅदरिंगच्या नाचाऐवजी हेच लावा, मुलाची परवानगी घेऊन.

फाईल

शिक्षकांची बदली होते, बाळंतपणाची रजा येते, एखादी टीचर लग्न करून पुण्याला जाते, आणि क्लब तिच्यासोबत जातो. म्हणून एक साधी फाईल: दर तासाचं अर्धं पान (काय केलं, काय जमलं नाही), बाजाराच्या कार्डांचा संच, पाहुण्यांची यादी, सहलीचा प्रश्नांचा कागद, हिशेबाची वही, संस्थांशी झालेली पत्रं. आणि मार्च संपायच्या आत पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या शिक्षकाला निदान तीन तास मागे बसवा, भाषा येत नसली तरी चालेल, नववीतली मुलं आठवीला शिकवतात आणि टीचरही त्यांच्याबरोबर शिकते. फाईल ऑफिसच्या कपाटात देऊ नका, किल्ली कोणाकडे असते ते कधीच कळत नाही. स्टाफरूममध्ये उघड्या शेल्फवर ठेवा.